पुन्हा पुन्हा न्यूमोनिया? रक्तही तपासून घ्या

थंडी सुरू झाली की आमच्या दवाखान्यात खोकणाऱ्या मुलांची रांग लागते. धूळ, धूर, एका खोलीत सहा-सहा माणसे. भोसरी-चाकण पट्ट्यात ही कारणे नेहमीचीच. पण एकाच चाळीतील मुलांपैकी एखाद्यालाच वारंवार न्यूमोनिया का व्हावा?

काही वर्षांपूर्वी कारखान्यात कामाला आलेल्या एका कुटुंबातील अडीच वर्षांचा मुलगा वर्षात तिसऱ्यांदा न्यूमोनियाने आजारी पडला. चेहरा पांढुरका, डोळे पिवळसर. दोन वेळा मी औषध देऊन घरी पाठविले होते. या वेळी विचारले, "मूळ गाव कोणते?" आई म्हणाली, "आमी गडचिरोलीकडचे जी." हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. रक्ततपासणीत सिकलसेल निघाला.

हा आजार आईवडील दोघांकडून येतो. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका लहानशा बदलामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्तातील जंतू गाळणारी प्लीहा त्यामुळे लहानपणीच निकामी होते आणि न्यूमोकॉकस या जंतूला रान मोकळे मिळते. विदर्भात व नंदुरबार भागात हा आजार अधिक आढळतो. दोघेही पालक वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतात. तेव्हा सुनेला दोष देऊ नये.

निदान झाले की उपाय आहेत. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुलांना रोज पेनिसिलीन दिल्याने न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, किमान पाच वर्षांचे होईपर्यंत द्यावे. न्यूमोकॉकसची लस तर सर्वच बाळांना द्यावी. दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयात ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

आणखी एक गोष्ट घरीच करता येते. मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा अधिक श्वास असतील, अथवा छाती आत ओढली जात असेल, तर थांबू नका. गडचिरोलीतच डॉ. अभय व राणी बंग यांनी गावकऱ्यांना श्वास मोजायला व औषध द्यायला शिकवून न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी करून दाखविले. १९९० साली 'लॅन्सेट'ने ते काम छापले.

वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या प्रत्येक मुलाला सिकलसेल असतोच असे नाही. पण डॉक्टरांना आपले मूळ गाव आणि घरातील आजार न विचारता सांगा. तो मुलगा आज शाळेत जातो.