भूपात घुसलेला मध्यम

भूप रागात मध्यम हा स्वर वर्ज्य. तरीही काळी एकच्या पट्टीत गायलेला भूप रेकॉर्ड करून ऐकायला बसलं, की दोन आलापांमधल्या शांततेत काहीतरी घुमत असतं: 'घूंऽऽ'. तीव्र मध्यमाच्या जरा वर, पंचमाला न पोचलेलं. गायकानं हा स्वर लावलेला नाही, तानपुऱ्यानंही नाही. तो विजेचा स्वर आहे.

आणि तो फक्त आपल्याकडचाच नाही. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या वायव्येला, बॉइन आणि ब्लॅकवॉटर नद्यांच्या संगमावर नावन हे गाव आहे. तिथल्या एखाद्या मराठी घरात माइक, मिक्सर, लॅपटॉप मांडून भूप आळवला, तरी हा घूं पुण्यातल्याच पट्टीत लागेल. कारण आयर्लंडची वीजही आपल्यासारखीच, 230 व्होल्टची आणि सेकंदाला 50 आवर्तनांची. 50 हर्ट्झ म्हणजे खर्जातली पांढरी पाच, किंचित चढी. तिच्या वरच्या सप्तकातला जोडीदार 100 हर्ट्झचा. काळी एकच्या मर्दानी तानपुऱ्यात पंचमाची तार सुमारे 104 हर्ट्झला लागते. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात आणि सुरात लावलेली तार उगाच कणसूर वाटते. सॉफ्टवेअरनं घूं छाटायला जावं, तर शेजारचा पंचमही थोडा कापला जातो.

मग घूं मुळातून काढायचा कसा? समजा, मिक्सरचा प्लग एका भिंतीत आहे आणि लॅपटॉपच्या तीन पिनी चार्जरचा समोरच्या. दोन्हींचं अर्थिंग घराच्या वायरिंगमधून जोडलेलंच आहे. त्यात मिक्सरपासून ऑडिओ इंटरफेसमार्गे लॅपटॉपपर्यंत केबल टाकली, की केबलच्या बाहेरच्या जाळीतून दुसरी जोडणी होते. झालं एक मोठं वेटोळं! यालाच ग्राउंड लूप म्हणतात. भिंतीतल्या तारांचं चुंबकीय क्षेत्र या वेटोळ्यात सतत बदलत राहतं आणि फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवल्याप्रमाणे त्यात वीज खेळू लागते. साध्या केबलमध्ये जाळी हीच सिग्नलची परतीची वाट असते, म्हणून जाळीवरचा विद्युतदाब थेट गाण्यात मिसळतो. घरगुती उपकरणांमधला सिग्नल साधारण 0.3 व्होल्टचा, त्यात एक मिलिव्होल्टची भेसळही शांततेत कानाला टोचते.

पण आधी हे वेटोळं नेमकं कुठून जातं, ते शोधायला हवं. वाऱ्याचं मोजमाप ठरवणाऱ्या फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांचा जन्म 1774 मध्ये याच नावनचा. वारा दिसत नाही, म्हणून जहाजाला किती शिडं पेलवतात यावरून त्यांनी त्याचा जोर 0 ते 12 अशा आकड्यांत बसवला. घूंचा माग काढायचा तोही असाच, परिणामावरून. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं गप्प झाला, तर वेटोळं तिथूनच जात होतं. नाही झाला, तर आवाज कमी करून एकेक केबल काढत जा.

उपायांची सुरुवात फुकटातल्यापासून करावी. सगळे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावले, की वेटोळं आक्रसतं. विजेची वायर आणि ऑडिओ केबल शेजारी शेजारी नेऊ नयेत. ओलांडावीच लागली तर काटकोनात. दोन्ही उपकरणांत सोय असेल, तर बॅलन्स्ड केबल वापरावी. तिच्या दोन तारांतून एकच सिग्नल सुलट आणि उलट जातो, घूं मात्र दोन्हींत सारखाच शिरतो. पलीकडचं उपकरण दोन्हींची वजाबाकी करतं. गाणं उरतं, घूं जवळजवळ शून्य होतो. एवढ्यानं भागलं नाही, तर मध्ये ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा: सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तारेची सलग वाट तुटते.

अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. घूं जाईलही, पण उपकरणात बिघाड झाला, तर अर्थिंगमधून जायची ती वीज माइक धरलेल्या हातातून वाट काढेल. आयर्लंडच्या प्लगची अर्थ पिन मुद्दाम लांब असते: ती आधी आत जाते आणि तिच्यामुळेच उरलेल्या दोन भोकांवरचं झाकण सरकतं.

हे सगळं झालं, की माइक चालू ठेवून फक्त तानपुरा छेडावा. पंचमाच्या तारेवरचे ते चार हेलकावे थांबले असतील, तर भूप पुन्हा लावायला हरकत नाही.