स्मृतिदिनाची सायकल

२१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली याच दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस जवान मारले गेले. तेव्हापासून त्या दिवशी पोलीस मुख्यालयांत मानवंदना होते, वर्षभरात कर्तव्यावर असताना गेलेल्यांची नावे वाचली जातात. अलीकडे काही ठिकाणी त्या निमित्ताने सायकल रॅलीही निघते.

अमेरिकेत अशी यात्रा १९९७ साली सुरू झाली. न्यू जर्सीहून अठरा सायकलस्वार वॉशिंग्टनच्या पोलीस स्मारकापर्यंत गेले, स्मारकासाठी निधी जमवला. आता दर मे महिन्यात त्यात मोठ्या संख्येने पोलीस असतात. जळगाव ते धुळे, एरंडोल-पारोळा मार्गे, नव्वदेक किलोमीटर. ते त्याच्या कितीतरी पट अंतर तोडतात.

पोलीस म्हटले की वस्तीत १९९७ चे रमाबाई नगर आठवणारे आहेत. ते विसरा, असे आम्ही कोणालाच सांगणार नाही. पण आपल्या घरातली पोरंपोरीही खाकीत आहेत, आणि आज आम्हाला त्यांच्या तब्येतीबद्दल बोलायचे आहे.

भरतीच्या वर्षी ही पोरं पहाटे उठून पळतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. नेमणुकीचा कागद हाती आला की पळणे बंद. मग बंदोबस्त, रात्रपाळी, उभ्या-उभ्या वडापाव, तंबाखू आणि अर्धवट झोप. चाळिशीच्या आत पोट सुटते, बीपी आणि साखर मागे लागते. कोरोनात राज्यातले शेकडो पोलीस गेले. त्यांना गोळी लागली नव्हती. पाळीचे काम करणारे सफाई कामगार, वॉचमन, एसटीचे चालक यांचेही हेच हाल.

म्हणून या ऑक्टोबरात घरातली सायकल बाहेर काढा. बारावीनंतर कोपऱ्यात पडलेली मुलीची सायकल आईनेही चालवावी, कोणी हसले तर हसू द्या. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे दीडशे मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना निदान एवढी हालचाल सांगते. सीट इतकी वर घ्या की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट खाली ठेवून चालवली की गुडघे दुखतात, आणि दोष मात्र सायकलीला मिळतो. ब्रेक आधी तपासा.

खान्देशचे ऊन ऑक्टोबरातही सोडत नाही. सकाळी लवकर निघा, पाणी सोबत ठेवा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी निघू नका, खिशात गूळ-साखर असू द्या. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम जाणवला की तिथेच थांबा, १०८ ला फोन लावा. ‘गॅस असेल’ म्हणत घरी येऊन आडवे होऊ नका. आम्ही अशी माणसे पोहोचवली आहेत.

महिनाभर सवय झाली की धुळेकरांनी एखाद्या रविवारी लळिंगला जावे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्यात आले, तेव्हा तिथल्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते. शहरापासून साधारण दहा किलोमीटर. महामार्गावर ट्रक फार, त्यामुळे एकामागे एक, डाव्या कडेने, उजाडल्यावरच. लहान पोरांना त्या रस्त्याला नेऊ नका, त्यांना वस्तीच्या मैदानावरच फिरू द्या.