आवडते साधन सोडताना

शाळेच्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग आता ई-मेलने होतो. हे काम सुकर व्हावे म्हणून पुष्कळजण ई-मेलच्या प्रणालीला 'ॲड-ऑन' जोडतात. ॲड-ऑन म्हणजे मूळ प्रणालीत नसलेली एखादी सोय करून देणारी, बहुधा दुसऱ्याच कोणी तयार केलेली पुरवणी.

अशी एक पुरवणी मी चार वर्षे आवडीने वापरली. ज्या पत्राला आज उत्तर देता येत नाही, ते ती एका वेगळ्या कप्प्यात ठेवी आणि नेमून दिलेल्या दिवशी पुन्हा सर्वांत वर आणी. पुढे मूळ प्रणालीची नवी आवृत्ती आली. तेव्हापासून प्रणाली उघडण्यास विलंब होऊ लागला व ती मधूनच बंद पडू लागली. सवयीची सोय सोडवेना, म्हणून मी तसेच चालवून घेतले.

त्याच सुमारास वाडीवरील एका शाळेच्या शिक्षिकाबाईंचे पत्र आले. तिसरीतील एका मुलीला कमी ऐकू येत होते. श्रवणतपासणीच्या शिबिरासाठी तिचे नाव यादीत घ्यावयाचे होते. यादी सोमवारी व्हावयाची, म्हणून पत्र सोमवारसाठी ठेवले. सोमवारी ते वर आलेच नाही. शिबिर उलटून गेल्यावर बाईंचा दूरध्वनी आला, तेव्हा ते त्या कप्प्यात जसेच्या तसे सापडले. पुढील शिबिर होईपर्यंत ती मुलगी बाईंच्या ओठांकडे पाहत पहिल्या रांगेत बसून राहिली. बिघाड यंत्रातला होता हे खरे. परंतु त्या तारखेची दुसरीकडे कोठेही नोंद नव्हती, हा दोष माझा होता.

असे का घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. पुरवणी ही घराला काढलेल्या पडवीसारखी असते. घराचे छप्पर बदलले की पडवी गळू लागते. थंडरबर्ड या प्रणालीने २०२० साली आपल्या ७८ व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीच्या पुरवण्यांचा आधार काढून घेतला; ज्या नव्या पद्धतीने पुन्हा रचल्या गेल्या नाहीत, त्या तेथेच थांबल्या. दुसरे कारण पुरवणीच्या भाराचे. आउटलुक ही प्रणाली २०१३ च्या आवृत्तीपासून प्रत्येक पुरवणीला सुरू होण्यास लागणारा वेळ मोजते. लागोपाठच्या पाच वेळांचा मध्यक एका सेकंदाहून अधिक भरला, तर ती पुरवणी आपोआप बंद केली जाते. तिसरे कारण मालकीचे. आउटलुकमधील संपर्क व पत्रे शोधून देणारी झोब्नी ही लोकप्रिय पुरवणी याहूने २०१३ मध्ये विकत घेतली आणि २०१४ च्या जुलैत बंद केली. ती वापरणाऱ्यांच्या हाती काहीच नव्हते.

म्हणून पुरवणी वारंवार अडू लागली, की ती वेळीच सोडावी. मात्र रीतसर सोडावी. प्रथम तिने वेगळी ठेवलेली सर्व पत्रे मुख्य टपालपेटीत परत आणावीत. तिच्यात साठविलेले पत्रांचे नमुने व तारखा उतरवून घ्याव्यात. त्यानंतर ती नुसती बंद करून आठवडाभर काम करून पाहावे. मूळ प्रणाली सुरळीत चालू लागली, तर बिघाडाचे कारण बहुधा तीच होती, असे समजावे. मगच ती काढून टाकावी. तसेच, जी सोय पुरवणी देत होती ती मूळ प्रणालीत आता आली आहे काय, हेही पाहावे. जीमेलमध्ये पत्र पुढील दिवसासाठी राखून ठेवण्याची सोय २०१८ पासून मुळातच आहे.

मी ती पुरवणी काढली, त्यास आता वर्ष होत आले. प्रारंभी हात अडखळले. आता मुदतीचे प्रत्येक पत्र आवक नोंदवहीत लिहितो, त्यापुढे उत्तराची तारीख तांबड्या शाईने मांडतो आणि रोज सकाळी ते पान प्रथम उघडतो. साधने अवश्य वापरावीत. परंतु ज्या तारखेवर एखाद्या मुलाचे हित अवलंबून आहे, ती केवळ साधनाच्या हवाली करू नये.