दात्याचे वैभव सरले, देणगी उरली

मुंबईच्या ओव्हल मैदानासमोर उभा असलेला राजाबाई टॉवर हा मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा मनोरा होय. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये व आपल्या मातोश्रींच्या नावे मनोरा बांधण्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. त्याच सुमारास कावसजी जहांगीर यांनी दीक्षान्त सभागृहासाठी एक लाख रुपये देऊ केले. सरकारी सनदेने जन्मलेल्या या विद्यापीठाला स्वतःचे छप्पर मिळाले, ते अशा खासगी देणग्यांच्या आधारे.

प्रेमचंदांचा हा पैसा कापसाच्या तेजीतला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यातून शेअर बाजारात सट्ट्याची लाट उसळली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि पुढच्याच वर्षी प्रेमचंदांचाही आर्थिक पाडाव झाला. शेअरच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देणारी जुनी बँक ऑफ बॉम्बे त्या वादळात सापडली व १८६८ मध्ये गुंडाळली गेली. कर्जविभागात काम करणाऱ्यांनी ती कहाणी मुळातून वाचावी अशीच आहे. मनोऱ्याचे बांधकाम मात्र १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पूर्ण झाले. दाता कफल्लक झाला तरी दिलेली रक्कम विद्यापीठाच्या हाती सुरक्षित होती.

प्रेमचंदांची याहून कमी परिचित, पण अधिक फलदायी देणगी कोलकात्यास गेली. १८६६ साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठास दोन लाख रुपये दिले. त्यातून इमारत उभी राहिली नाही. मुद्दल कायम ठेवून त्याच्या उत्पन्नातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. बंगालमध्ये ‘पी. आर. एस.’ ही तीन अक्षरे विद्वत्तेची मोहोर ठरली. इतिहासकार जदुनाथ सरकार हे या शिष्यवृत्तीचे मानकरी, तसेच १८८६ मध्ये ती मिळवणारे आशुतोष मुखर्जी हेही.

हेच आशुतोष मुखर्जी १९०६ साली कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विज्ञानाचे पदव्युत्तर महाविद्यालय काढावे ही त्यांची आकांक्षा होती. सरकारकडून त्यासाठी पुरेसे साहाय्य मिळत नव्हते. त्यांनी आपल्याच वकिली व्यवसायातील मंडळींकडे झोळी पसरली. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी १९१२ मध्ये जमीन व रोख मिळून सुमारे पंधरा लाखांची मालमत्ता दिली. पाठोपाठ १९१३ मध्ये राशबिहारी घोष यांनी दहा लाख दिले. घोष हे त्याच विद्यापीठाचे पदवीधर, म्हणजे आजच्या भाषेत माजी विद्यार्थी. मार्च १९१४ मध्ये विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली.

या देणग्यांना एक अट जोडलेली होती : त्यांतून निर्माण होणाऱ्या अध्यासनांवर भारतीय प्राध्यापकच नेमावेत. देणगीदाराच्या अटी अनेकदा संस्थेच्या पायातील बेडी ठरतात; ही अट मात्र दूरदृष्टीची होती. तिच्यामुळेच १९१७ मध्ये पदार्थविज्ञानाच्या पालित अध्यासनावर चंद्रशेखर वेंकट रामन आले. रामन तेव्हा सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते. रंगून, नागपूर अशा बदल्या त्यांच्याही वाट्याला आल्या होत्या. प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्यांनी कमी वेतनाचे प्राध्यापकपद स्वीकारले. १९२८ च्या ज्या शोधाबद्दल त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले, तो पालित प्राध्यापक असतानाचा. त्याचे प्रयोग ज्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये झाले, ती संस्थाही महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतूनच उभारली होती.

ढाक्याजवळच्या खेड्यातील एका किरकोळ किराणा दुकानदाराचा मुलगा मेघनाद साहा याच विज्ञान महाविद्यालयात अध्यापक होता. १९१९ साली त्याला प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली व तिच्या बळावर तो लंडनला गेला. ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ उलगडणारे त्याचे आयनीभवनाचे समीकरण आज जगभर साहा समीकरण म्हणून शिकवले जाते. १९३८ मध्ये साहा पालित प्राध्यापक म्हणून कोलकात्यास परतले. मुंबईच्या सट्टेबाजाचा पैसा त्यांना परदेशी घेऊन गेला होता आणि बंगाली बॅरिस्टरच्या पैशाने त्यांना परत आणले.

अशा देणगीचे सामर्थ्य तिच्या रचनेत असते. मुद्दलाला हात लावायचा नाही व केवळ उत्पन्न खर्चायचे, हे अक्षय निधीचे तत्त्व. मात्र महागाईचा विचार न केल्यास ‘अक्षय’ हे विशेषण नावापुरतेच उरते. एक लाखाच्या निधीवर सात टक्क्यांनी सात हजार रुपये मिळाले आणि महागाई पाच टक्के असेल, तर त्यांतील पाच हजार मुद्दलात परत घातले पाहिजेत. खर्चास दोनच हजार उरतात. पूर्वी कोणी पदकासाठी पाच हजार रुपये ठेवले असतील, तर त्याच दराने वर्षाला साडेतीनशे रुपये येतील. त्यात आज एक ग्रॅम सोनेही येत नाही. दुसरी बाब इमारतींची. त्यांना नाव मिळते, पण देखभालीची तरतूद क्वचितच होते. राजाबाई टॉवरच्या २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारासाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या रूपाने नवा दाता लागला.

आज माजी विद्यार्थी हा सार्वजनिक संस्थांचा मोठा आधार बनत आहे. आयआयटी मुंबईत प्रवेश घेतल्याला पन्नास वर्षे झाल्याचे निमित्त साधून नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपयांची देणगी जाहीर केली. पूर्वीच्या देणग्या धरून ती रक्कम ४०० कोटींवर गेली. त्याच वर्षी १९९८ च्या तुकडीने रौप्यमहोत्सवानिमित्त एकत्रितपणे ५७ कोटी रुपये देऊ केले. राज्य विद्यापीठांच्या हजारो पदवीधरांना मात्र आपल्या विद्यापीठाकडून पदवीनंतर साधे पत्रही येत नाही. मागितल्याविना कोण देणार?

देणगी देऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्राप्तिकरातील वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला ती लागू नाही. म्हणून रक्कम बँकेमार्फतच द्यावी. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या अनिवासी भारतीयाने बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय योगदान मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व स्वीकारलेल्या माजी विद्यार्थ्याची देणगी मात्र तशी मानली जाते, त्यामुळे तिच्यासाठी संस्थेची परवानगी आधी तपासावी. निधी कायमस्वरूपी असेल, तर उत्पन्नापैकी किती भाग मुद्दलात मिळवायचा आणि मूळ हेतू कालबाह्य झाल्यास पैसा कशाकडे वळवायचा, हे दानपत्रातच लिहून घ्यावे.