सहलीला नेताना कॅमेऱ्याचा पट्टा कसा असावा?



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे सहलीची संमतिपत्रं फिरायला लागतात. आम्हा मावळातल्या शाळांना फार लांब जावं लागत नाही. लोकलने मळवलीला उतरलं की एका बाजूला भाजे, लोहगड आणि विसापूर, दुसऱ्या बाजूला कार्ल्याची लेणी आणि एकवीरा आई. सामानाची यादी ठरलेली असते. डबे, पाणी, प्रथमोपचार पेटी, उलटीसाठी पिशव्या, जादा टॉवेल. आणि कॅमेरा. अहवालाला फोटो लागतात, आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर फोटो आले नाहीत तर पालकांचे फोन सुरू होतात. (पालकहो, रागावू नका. मीही एक पालक आहे आणि मीही असे फोन करते.)

कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा विचार मात्र कुणी करत नाही. मीही केला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौथी-पाचवीची मुलं घेऊन लोहगडला गेलो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले आले त्यात लोहगड आहे, त्यामुळे मुलांना तिथेच जायचं होतं. एका सहकाऱ्यांचा कॅमेरा मागून आणला होता. गळ्यात लांब पट्टा आणि कॅमेरा पोटावर. गणेश दरवाजा झाला, नारायण दरवाजा झाला. हनुमान दरवाजाकडे वळताना पुढची एक मुलगी पायरीवरून घसरली. मी तिला धरायला वाकले. तिला धरलं, पण मी वाकल्याबरोबर कॅमेरा पोटापासून सुटून झोक्यासारखा पुढे गेला आणि तिच्या कपाळावर आदळला. चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. कॅमेऱ्यावर ओरखडासुद्धा नाही.

संध्याकाळी तिच्या घरी जाऊन झालं ते सांगितलं. तिची आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, फोटू नसता काढला तरी चाललं असतं."

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग मी पट्ट्यांच्या मागेच लागले. दुकानांत पाहिले, लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या फोटोग्राफरला विचारलं, बॅगा शिवणाऱ्याकडून दोन शिवून घेतले. जे समजलं ते इथे लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे फोटोग्राफरची गरज वेगळी आणि आपली वेगळी. त्याला कॅमेरा चटकन डोळ्याला लावता यायला हवा असतो. आपल्याला तो विसरता यायला हवा. आपले दोन्ही हात मुलांसाठी मोकळे पाहिजेत, आणि आपण वाकलो, धावलो, उकिडवं बसलो तरी कॅमेरा जागचा हलता कामा नये. एवढी एक कसोटी लावली तरी दुकानातले निम्मे पट्टे बाद होतात.

आता मान का दुखते ते पाहू. आठवीच्या विज्ञानात 'बल व दाब' हा पाठ आहे, त्यातच उत्तर आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. कॅमेरा आणि लेन्स मिळून १ किलो २०० ग्रॅम धरा, म्हणजे साधारण १२ न्यूटन बल. पट्टा मानेला १२ सेंटीमीटर लांबीत टेकतो असं समजू. पट्टा दीड सेंटीमीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ १८ चौरस सेंटीमीटर, आणि दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.६७ न्यूटन. पट्टा ४ सेंटीमीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ ४८ आणि दाब ०.२५. वजन तेच, दाब निम्म्याहून कमी. आपल्या आज्या डोक्यावर हंडा घेण्याआधी चुंबळ ठेवायच्या, ती याचसाठी. त्यांना सूत्र माहीत नव्हतं, पण टाळू कुठे दुखते ते माहीत होतं.

हे वर्गात करून दाखवता येतं. एक लिटरची बाटली पाण्याने भरा, झालं एक किलो. ती सुतळीने बांधून मुलाच्या हातावर, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, अर्धा मिनिट लटकवा. मग तीच बाटली चार पदरी घडी घातलेल्या ओढणीने लटकवा. सुतळीचा वळ सगळा वर्ग बघायला येतो. लगेच दप्तरांचे पट्टे तपासायला सांगा. अर्ध्या मुलांचे पट्टे पीळ पडून दोरीसारखे झालेले असतात. २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं म्हटलं आहे. ते पाळलं तरी पीळ पडलेला पट्टा खांद्यात रुततोच.

पण पट्टा नुसता रुंद घेतला म्हणजे झालं असंही नाही. मान ही जागाच ओझ्यासाठी चुकीची आहे. पुढे लटकलेलं वजन डोकं पुढे ओढतं आणि मानेमागचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. म्हणून पट्टा तिरपा घ्यावा, एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे, पोस्टमनची पिशवी असते तसा. लांबी एवढी ठेवा की कॅमेरा कमरेच्या हाडाशी, कोपराच्या जरा खाली येईल. त्याहून खाली गेला तर तो प्रत्येक पावलाला मांडीवर आपटतो आणि पायरी चढताना गुडघ्याच्या वाटेत येतो.

तिरप्या पट्ट्यातही एक खोड आहे. वाकलं की कॅमेरा घसरून पुढे येतो. काही पट्ट्यांना काखेखालून जाणारी एक छोटी जोडपट्टी असते, ती लावली की घसरणं बरंच थांबतं. ती नसेल तर मी साधा उपाय करते. चढ सुरू होण्याआधी कॅमेरा पाठीमागे ढकलायचा आणि ओढणी त्यावरून घेऊन कमरेला गाठ मारायची. साडीवाल्यांनी पदर खोचण्याऐवजी कॅमेऱ्यावरून घट्ट घ्यावा. सरांनी टॉवेल बांधावा, नाहीतरी तो गळ्यात असतोच!

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. दोन्ही खांद्यांवरून येऊन कॅमेरा छातीवर धरणारे पट्टे राजमाचीसारख्या लांब चालीला छान, पण मुलाला उचलताना कॅमेरा नेमका मध्ये येतो. मनगटात अडकवायचा पट्टा शाळेच्या आवारात ठीक. गडाच्या पायऱ्यांवर तो एक हात अडकवून ठेवतो, म्हणून नको. पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्याला लावायची धातूची पकड मिळते, तिच्यात कॅमेरा अजिबात झुलत नाही. मात्र सॅकचा पट्टा जाड आणि चांगल्या शिलाईचा हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पट्टा मध्येच सहसा तुटत नाही, सुटतो तो जोडाशी. म्हणून दुकानात गादी किती मऊ आहे ते नंतर बघा, आधी टोकं बघा.

बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांना दोन्ही बाजूंना पट्टा ओवायला धातूचे कान असतात. पट्टीचं टोक कानातून काढायचं, मागे आणून बकलातून ओवायचं. इथेच चूक होते. बरेच जण टोक बकलाच्या बाहेरच्या अंगाला मोकळं सोडतात. ते दिसायला नीट दिसतं, पण रोजच्या हिसक्यांनी मिलिमीटर-मिलिमीटर सरकत जातं. टोक बकलाच्या आतल्या अंगाने, पट्टीच्या दोन थरांमध्ये दाबलं जाईल असं घ्यावं. मग जितकं ओढाल तितकं ते आवळतं. शेवटी ५ सेंटीमीटर तरी शेपूट राहू द्या. शेपूट लोंबकळलेलं आवडत नाही म्हणून कापून टाकू नका. मी एकदा कापलं होतं, दुसऱ्या दिवशी मापच पुरेना.

काही तिरपे पट्टे कॅमेऱ्याच्या बुडाला, ट्रायपॉडच्या भोकात स्क्रूने बसतात. कॅमेरा उलटा लटकतो आणि वर उचलायला सोपा जातो. हा स्क्रू पाव इंच जाडीचा असतो आणि त्याला एका इंचात २० आटे असतात. म्हणजे पूर्ण एक फेरी फिरवली की तो जेमतेम १.२७ मिलिमीटर आत जातो. सगळा भार चार-पाच फेऱ्यांवर! चालताना कॅमेरा हेलकावे खातो, तसतसा स्क्रू उलटा फिरायला लागतो. भाज्याच्या पायऱ्या चढून वर गेल्यावर मी सहज हात लावला तर तो सैल लागला होता. असा पट्टा वापरणार असाल तर दर तासाला स्क्रू आवळायचा, आणि कॅमेऱ्याच्या कानातून एक बारीक पण मजबूत दोरी घेऊन ती पट्ट्याला वेगळी बांधायची. स्क्रू निघाला तरी कॅमेरा दोरीवर राहतो.

कानात किल्लीच्या जुडग्याला असते तशी गोल कडी असेल तर ती दर महिन्याला बघा. धातूवर धातू घासून कडी आणि कान दोन्ही झिजतात. कडीची फट नखाने उघडता आली तर ती बदलायची वेळ झाली. बारीक दोरीचे जोड असतील तर दोरीचं वरचं आवरण झिजलंय का ते पाहा. काही चांगल्या दोऱ्यांमध्ये आतला गाभा मुद्दाम वेगळ्या रंगाचा ठेवतात. तो रंग दिसला की दोरी वापरातून काढायची.

कापडाचं म्हणाल तर खाटेच्या नवारीसारखी घट्ट विणलेली नायलॉन किंवा पॉलिस्टरची पट्टी उत्तम. सुती पट्टी मऊ असते, पण लोणावळ्याच्या धुक्यात तिच्यात ओल राहते आणि वास येतो. चामड्याचा पट्टा दिसतो झकास. पण पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे चामड्याच्या पट्ट्याचं काय होणार! रबरासारखा ताणला जाणारा गादीचा पट्टा खांद्याला हलका वाटतो, कारण तो धक्का खातो. पण त्याच ताणामुळे कॅमेरा वरखाली उसळतो. बसायच्या कामाला चालेल, चढाला नाही. खांद्याच्या आतल्या बाजूला रबराचे ठिपके असलेला पट्टा टेरिकॉटच्या सदऱ्यावरून घसरत नाही.

शिलाई बोटाने चाचपून बघा. गादी आणि पट्टी जिथे मिळतात तिथे चौकोनात फुली मारल्यासारखी शिलाई असावी. नुसती एक सरळ ओळ असेल तर पट्टा घेऊन जवळच्या बॅगवाल्याकडे जा, तो जाड दोऱ्याने दहा मिनिटांत घालून देतो. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत मिरवणारा पट्टा मी उलटा करून वापरते. गर्दीच्या लोकलमध्ये किमतीची जाहिरात कशाला? आणि लोकलमध्ये तर कॅमेरा पट्ट्यावर नकोच, पिशवीत हवा. उतरताना पट्टा दुसऱ्याच्या सॅकमध्ये अडकतो, आणि मळवलीला गाडी जास्त वेळ थांबत नाही.

कार्ल्याला माकडं आहेत. त्यांना कॅमेऱ्यात रस नसतो, पण लोंबणारी शेपटं आणि खाऊच्या पिशव्या दिसल्या की हात घालतात. पट्ट्याची सुटी टोकं रबरबँडने आवळून ठेवा आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत चिक्की ठेवू नका.

कार्ल्याच्याच चैत्यगृहात पट्ट्याचा एक भलताच उपयोग सापडला. आत अंधार असतो आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. छताच्या जुन्या लाकडी फासळ्यांचा फोटो हलायचा. मग पट्टा मानेमागे अडकवून कॅमेरा दोन्ही हातांनी पुढे ढकलायचा, पट्टा ताठ होईपर्यंत. त्या ताणाने हात स्थिर राहतात. निम्मे फोटो तरी सुधारले.

आपल्यातले बरेच जण मोबाईलवरच फोटो काढतात. मोबाईलच्या पट्ट्याची पातळ चकती कव्हरच्या आत, चार्जिंगच्या भोकातून बाहेर काढून बसवतात. म्हणजे सगळा भार कव्हरवर. कव्हर मऊ आणि सैल झालेलं असेल तर मोबाईल त्यातून निसटतो आणि गळ्यात कव्हर तेवढं राहतं. कव्हर घट्ट असेल तरच हा पट्टा घ्यावा.

पालकांसाठी एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. मुलांच्या हातात कॅमेरा जरूर द्या, पण त्यांच्या गळ्यात न सुटणारा पट्टा घालू नका. घसरगुंडीवर, झाडाच्या फांदीत किंवा गाडीच्या दारात तो अडकला तर मोठ्या माणसासारखं मुलाला पटकन मोकळं होता येत नाही. चांगल्या ओळखपत्राच्या नाडीला मानेमागे एक क्लिप असते, हिसका बसला की ती आपोआप सुटते. लहानांसाठी तसाच पट्टा हवा, नाहीतर मनगटातला. कॅमेरा पडला तर पडला. हाच नियम गळ्यातल्या पाण्याच्या बाटलीला. मैदानावर जाताना बाटली वर्गात ठेवायला लावा.

नवा पट्टा सरळ सहलीला नेऊ नका. एका पिशवीत कॅमेऱ्याच्या दुप्पट वजनाचे तांदूळ भरा, पट्ट्याला लटकवा आणि रात्रभर दाराच्या कडीला टांगून ठेवा, खाली उशी ठेवून. टांगण्याआधी बकलाशी पेनाने खूण करा. सकाळी खूण सरकलेली असेल तर टोक पुन्हा ओवा. मग कॅमेरा लावून घरातच दहा वेळा जमिनीवरून काहीतरी उचला, जिन्यावरून दोनदा वर-खाली करा. घरातले हसतील, हसू द्या. माझ्या दुसऱ्या पट्ट्यात कॅमेरा सातव्यांदा वाकल्यावर पुढे आला. तेव्हा बॅगवाल्याला काखेखालची पट्टी दोन बोटं आखूड करायला सांगितली, आणि तोच पट्टा आता शाळेच्या कपाटात आहे. ज्या कुणाची सहल असेल त्यांनी घेऊन जावा.