मिरज जंक्शन आणि सिग्नल केबिन : एका सुरक्षाव्यवस्थेचा इतिहास व जतनाचा प्रश्न

प्रस्तावना
रेल्वेच्या इतिहासात इंजिने, पूल आणि बोगदे यांची दखल घेतली जाते. परंतु गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या सिग्नल केबिनकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांतून जाणाऱ्या लोहमार्गावरील मिरज जंक्शनच्या संदर्भात केबिनमधील इंटरलॉकिंग व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करणे आणि तिच्या जतनाची आवश्यकता मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मिरज जंक्शनची जडणघडण
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सदर्न मराठा रेल्वेने पुणे–मिरज–लोंढा हा मीटर गेज मार्ग उभारला. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाचा आणि १९०७ मध्ये सांगली संस्थानाचा फाटा मिरजेस जोडला गेला. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटर रुंदीची नॅरो गेज पंढरपूरहून येथे पोहोचली. १९७१ च्या सुमारास पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेज झाला आणि तिन्ही गेज एकत्र असलेले स्थानक म्हणून मिरजेची ओळख झाली. पुढे १९९० च्या दशकात लोंढ्याकडील मीटर गेज आणि २०१० च्या सुमारास पंढरपूरकडील नॅरो गेज यांचेही रूपांतर पूर्ण झाले. ज्या स्थानकावर अनेक दिशांचे मार्ग एकत्र येतात, तेथे एका गाडीसाठी लावलेला सांधा दुसऱ्या गाडीस घातक ठरू शकतो. जंक्शनवर इंटरलॉकिंग अपरिहार्य ठरते ते यामुळेच.

इंटरलॉकिंगचे तत्त्व
सुरुवातीच्या काळात सांधेवाला जागेवर जाऊन सांधा बदलत असे आणि सिग्नल स्वतंत्रपणे दिला जाई. दोहोंत विसंगती राहिल्यास अपघात अटळ होता. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी सांधे व सिग्नल यांची हालचाल परस्परांशी जोडणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. १८८९ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये प्रवासी मार्गांवर इंटरलॉकिंग सक्तीचे झाले आणि भारतीय रेल्वेमार्गांवरही या पद्धतीचा क्रमाक्रमाने प्रसार झाला.

यांत्रिक केबिनमध्ये लिव्हरची रांग असते. थांब्याच्या सिग्नलचे लिव्हर लाल, सांध्यांचे काळे, सांधा जखडणारे निळे आणि राखीव पांढरे, अशी रंगयोजना प्रचलित होती. तारा व लोखंडी गजांच्या साहाय्याने लिव्हरची ओढ दूरवरच्या सिग्नल-सांध्यांपर्यंत पोहोचते. खरी करामत मात्र लिव्हरशी जोडलेल्या लॉकिंग फ्रेममध्ये असते. प्रत्येक लिव्हरला खाचा असलेली लोखंडी पट्टी जोडलेली असते. लिव्हर ओढला की आडवे सरकणारे अडसर इतर पट्ट्यांच्या खाचांत बसतात व ते लिव्हर जखडून ठेवतात.

उदाहरणार्थ, पुण्याकडून येणारी गाडी एका फलाटावर घ्यावयाची असल्यास केबिनवाल्याने प्रथम सांधा त्या मार्गास लावावा लागतो, नंतर तो जखडावा लागतो आणि त्यानंतरच सिग्नलचा लिव्हर हलतो. सिग्नल मोकळा झाल्यावर सांधा बदलता येत नाही. तसेच त्या मार्गास छेद देणाऱ्या दुसऱ्या गाडीचा सिग्नलही देता येत नाही. केबिनवाल्याची चूक लोखंडच रोखून धरते. ‘हे असेल तरच ते’ हा तर्कशास्त्रातील नियम येथे धातूत उतरलेला दिसतो.

बदलते तंत्रज्ञान
कालांतराने लोखंडी अडसरांची जागा रिलेंनी आणि पुढे इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगने घेतली. एका ठिकाणाहून संपूर्ण स्थानकाचे नियंत्रण, अधिक गाड्यांची क्षमता व कमी शारीरिक श्रम हे त्याचे निर्विवाद लाभ आहेत. तथापि, तत्त्व तेच राहिले असून ते डोळ्यांआड गेले आहे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकाजवळ मुख्य मार्गाचा सिग्नल मिळालेली कोरोमंडल एक्सप्रेस लूप मार्गावर गेली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक लोकांनी प्राण गमावले. सिग्नलच्या विद्युतमंडलातील बदलाचे काम सदोष होते, असा निष्कर्ष रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाला. व्यवस्था कितीही प्रगत असली, तरी सिग्नल आणि सांधा यांतील नाते तुटता कामा नये, हा यातील धडा होय.

जतनाची आवश्यकता
इंग्लंडमध्ये श्रूजबरी येथील १९०३ ची १८० लिव्हरची केबिन संरक्षित वास्तू आहे. २०१३ मध्ये तेथे आणखी २६ केबिनना असे संरक्षण देण्यात आले. पुणे–मिरज मार्गाच्या दुहेरीकरण व विद्युतीकरणाच्या काळात स्थानकांची जुनी मांडणी बदलत गेली आहे. अशा वेळी या परिसरात शिल्लक असलेली किमान एक लिव्हर फ्रेम भंगारात न काढता जागेवर राखली जावी. मात्र केवळ इमारत राखून भागणार नाही. लॉकिंगचा तक्ता, लिव्हरचा क्रम आणि निवृत्त केबिनवाल्यांच्या आठवणी यांचीही नोंद व्हावयास हवी. १९४७ पासून सांगलीत अभियांत्रिकी शिक्षण देणाऱ्या वालचंद महाविद्यालयासारख्या संस्था आणि परिसरातील इतिहास विभाग यांना हे कार्य संयुक्तपणे करता येईल.

समारोप
मिरजेतील तीन गेज आता इतिहासजमा झाले आहेत. त्या मार्गांवरील गाड्या ज्या तत्त्वामुळे सुखरूप धावल्या, ते तत्त्व मात्र आजही तितकेच आवश्यक आहे. चालती लिव्हर फ्रेम ते तत्त्व विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष देते. म्हणूनच केबिनचे जतन हे सुरक्षेच्या शिक्षणाचेच एक अंग मानले पाहिजे.