घड्याळाशी एकट्याची झुंज
- क्रीडा प्रतिनिधी

सायकल शर्यत म्हटली की डोळ्यांसमोर उभा राहतो तो खांद्याला खांदा लावून धावणाऱ्या सायकलपटूंचा थवा. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी सर करून ‘घाटाचा राजा’ ठरणाऱ्या स्पर्धकाचे कौतुक मराठी वाचकाला नवे नाही. मात्र या खेळात असाही एक प्रकार आहे, ज्यात थवा नाही, धक्काबुक्की नाही आणि शेवटच्या शंभर मीटरांतील चुरसही नाही. एकेक स्पर्धक ठराविक अंतराने सोडला जातो. तो एकटाच नेमून दिलेले अंतर कापतो आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागतो तो विजयी ठरतो. या प्रकाराचे नाव वैयक्तिक टाइम ट्रायल. फ्रेंच सायकलपटू तिला ‘सत्याची परीक्षा’ म्हणतात.

हे नाव अतिशयोक्तीचे नाही. समूहातून धावणारा सायकलपटू पुढच्याच्या आडोशाला राहून आपली बरीच शक्ती वाचवू शकतो. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्याला आयती वाट मिळते. त्यामुळे तुलनेने दुबळा स्पर्धकही हुशारीच्या बळावर शेवटपर्यंत टिकतो आणि प्रसंगी जिंकतोही. टाइम ट्रायलमध्ये असा आडोसा घेण्यास सक्त मनाई असते. पुढच्याला गाठले तर बाजूने निघून जायचे आणि कोणी आपल्याला गाठले तर मागे राहून अंतर राखायचे, असा नियम आहे. त्यामुळे घड्याळात जो वेळ नोंदला जातो, तो त्या दिवशीचा आपला खरा वकूब असतो.

बंदीतून जन्मलेली शर्यत

या प्रकाराचे माहेरघर इंग्लंड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील रस्त्यांवर घोडागाड्यांच्या वर्दळीत सायकल शर्यती होत. घोडे बुजत, तक्रारी होत आणि पोलिसांचा ससेमिरा मागे लागे. सर्व सायकलींवरच सरकारी निर्बंध येतील, या भीतीने तेथील ‘नॅशनल सायकलिस्ट्स युनियन’ने रस्त्यावरील शर्यतींना विरोध केला. तेव्हा फ्रेडरिक बिडलेक या संघटकाने तोडगा काढला. स्पर्धक एकत्र सोडायचेच नाहीत. एकामागून एक सोडायचे. रस्त्याने एकटा सायकलस्वार चालला आहे, एवढेच लोकांना दिसेल. ५ ऑक्टोबर १८९५ रोजी नॉर्थ रोड क्लबने अशी ५० मैलांची शर्यत घेतली.

पुढे कित्येक वर्षे या शर्यती जवळजवळ गुप्तपणे होत राहिल्या. भल्या पहाटे सुरुवात, गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे, स्पर्धकांच्या यादीवर ‘खासगी व गोपनीय’ असा शेरा आणि ठिकाणाच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, असा सारा मामला होता. आज या शर्यती पोलिसांना रीतसर कळवून घेतल्या जातात. तरीही मार्गांना अक्षरे आणि आकडे यांची नावे देण्याची पद्धत टिकून आहे. या खेळाचा कारभार पाहणारी ‘रोड टाइम ट्रायल्स कौन्सिल’ १९३७ मध्ये स्थापन झाली. २००२ पासून ती ‘सायकलिंग टाइम ट्रायल्स’ या नावाने ओळखली जाते.

‘टूर द फ्रान्स’मध्ये टाइम ट्रायल आली ती १९३४ मध्ये, जागतिक स्पर्धेत १९९४ मध्ये आणि ऑलिम्पिकमध्ये आताच्या स्वरूपात १९९६ मध्ये. भारतीय प्रेक्षकांनी ती घराजवळ पाहिली, ती २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत. तेव्हा पुरुषांच्या ४० किलोमीटर शर्यतीचे सुवर्णपदक स्कॉटलंडच्या डेव्हिड मिलरने पटकावले होते. मात्र या प्रकाराचा प्राण विजेत्यांच्या यादीत नाही. तो आहे इंग्लंडमधील गावोगावच्या क्लबांत, आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी होणाऱ्या १० मैलांच्या छोट्या शर्यतींत.

मिनिटामिनिटाची रांग

या शर्यतीत भाग घेणारे कोण असतात? कार्यालयातून थेट आलेला कारकून, शाळेतील शिक्षिका, निवृत्त सुतार, परीक्षा आटोपलेला विद्यार्थी. गावच्या सभागृहात किंवा रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत नाव नोंदवायचे, क्रमांकाचा कागद पाठीच्या खालच्या बाजूला टाचायचा, सायकलीला मागचा लाल दिवा लावायचा आणि अर्धा तास रस्त्यावर फिरून अंग तापवायचे. मग रांगेत उभे राहायचे. दर मिनिटाला एक स्पर्धक सुटतो. आपली पाळी आली की मागून एक स्वयंसेवक खोगीर धरून सायकल तोलून धरतो, दोन्ही पाय पेडलमध्ये अडकवले जातात आणि वेळाधिकारी शेवटचे पाच आकडे उलटे मोजतो. धक्का द्यायचा नाही, नुसते सोडायचे, हाही नियमच.

पुढचे सोळा किलोमीटर म्हणजे शरीर आणि मन यांच्यातील वाटाघाटी. नवख्या स्पर्धकाला पहिली दोन मिनिटे फार सोपी वाटतात. त्याचे कारण शरीरशास्त्रात आहे. स्नायूंना लागणारा प्राणवायू पुरेशा प्रमाणात पोहोचण्यास थोडा अवधी लागतो. तोपर्यंत स्नायू साठवणीतील शक्तीवर काम भागवतात. ती शक्ती खर्च होताना थकवा लगेच जाणवत नाही. देणे मागाहून द्यावे लागते. पहिल्या दीड-दोन किलोमीटरमध्ये उत्साहाच्या भरात वेग वाढवणारा सायकलपटू पाचव्या किलोमीटरला धापा टाकू लागतो, मांड्या पेटतात आणि उरलेले अंतर तो केवळ नुकसान आवरण्यात घालवतो. म्हणूनच अनुभवी मंडळी सांगतात, की सुरुवातीला आपण फारच संथ आहोत असे वाटले, तर वेग बरोबर आहे.

नेमका किती जोर लावायचा, हा खरा प्रश्न. थोड्या वेळाच्या जोरात आणि तासभर टिकणाऱ्या जोरात एक सीमारेषा असते. तिच्या खाली राहिले तर शरीर स्वतःला सावरून घेते. वर गेले की थकवा भराभर साचत जातो. पाव तास ते अर्ध्या तासाच्या शर्यतीत या रेषेच्या किंचित वर राहून, बरोबर अंतिम रेषेवर रिते व्हायचे असते. आधी रिते झाले तर वेळ गेला. रेषा ओलांडल्यावर जोर शिल्लक राहिला तरी वेळ गेलाच. आता हृदयाचे ठोके आणि पायांची शक्ती मोजणारी यंत्रे हौशी सायकलपटूंकडेही असतात. पण पडद्यावरील आकडा सोबत असला तरी तो पाळण्याचा संयम ज्याचा त्यालाच आणावा लागतो.

वाऱ्याचे गणित

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याची बहुतांश शक्ती केवळ हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे ताशी ३२ किलोमीटरवरून ४० वर जायचे, तर वेग वाढतो फक्त एक चतुर्थांशाने. पण हवेशी झुंजण्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. १० मैलांसाठी पाऊण तासावरून अर्ध्या तासावर येणे त्या मानाने सोपे असते. अर्ध्या तासावरून २४ मिनिटांवर येताना मात्र वर्षे खर्ची पडतात, ती यामुळेच.

वाऱ्याचा आणखी एक चकवा आहे. बहुतेक मार्ग जाऊन-येऊन असतात. जाताना समोरून वारा, तर येताना पाठीमागून. तेव्हा हिशेब फिटतो, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो फिटत नाही. वारा नसताना ताशी ४० किलोमीटर वेगाने १६ किलोमीटर जाण्यास २४ मिनिटे लागतात. वाऱ्यामुळे जातानाचे ८ किलोमीटर ताशी ३२ च्या वेगाने कापले तर १५ मिनिटे लागतील आणि येतानाचे ८ किलोमीटर ताशी ४८ च्या वेगाने कापले तर १०. एकूण २५. एक मिनिट वाऱ्याने खाल्ले. कारण संथ वेगात आपण अधिक काळ असतो, जलद वेगात कमी. त्यामुळे जाणकार सायकलपटू समोरच्या वाऱ्यात आणि चढावर थोडा अधिक जोर लावतो आणि पाठीमागून वारा असताना अंग चोरून, लहान होऊन श्वास सावरतो.

लहान होणे ही तर या प्रकारातील कलाच. कोपरे टेकवून हात पुढे जुळवता यावेत अशा हँडलमुळे छाती खाली येते आणि वाऱ्याला अडणारे अंग कमी होते. या हँडलचा महिमा जगाला कळला १९८९ च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये. अखेरच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस ही २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. फ्रान्सचा लोरां फिन्यों ५० सेकंदांनी आघाडीवर होता. अमेरिकेचा ग्रेग लेमॉंड नव्या हँडलवर ओणवा होऊन ताशी ५४.५ किलोमीटर वेगाने धावला आणि त्याने फिन्योंला ५८ सेकंदांनी मागे टाकले. तीन आठवड्यांची शर्यत अवघ्या आठ सेकंदांनी निकाली निघाली. वाटेत आपल्याला कोणीही वेळ सांगू नये, असे लेमॉंडने आपल्या चमूला बजावले होते.

आज भरीव चाके, थेंबाच्या आकाराची शिरस्त्राणे आणि अंगासरशी बसणारे एकसंध पोशाख हौशी क्लबांतही दिसतात. त्यातून पैसे देऊन सेकंद विकत घेण्याची चढाओढ सुरू होते, हा आक्षेप खोटा नाही. यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी साध्या रोड सायकलींसाठी वेगळा गट ठेवला जातो. चाळिशीपुढच्यांसाठी वयानुसार प्रमाणवेळा ठरलेल्या असतात. आपल्या प्रमाणवेळेपेक्षा किती मिनिटे कमी लागली यावर निकाल लागतो, तेव्हा सत्तरीचे आजोबा चाळिशीतल्याला सहज मागे टाकू शकतात.

हौशी म्हणजे कच्चा नव्हे

हौशी या शब्दाचा अर्थ कमी प्रतीचा असा घेऊ नये. ॲल्फ एंगर्स हा लंडनचा बेकरी कारागीर. ५ ऑगस्ट १९७८ रोजी २५ मैलांचे अंतर ४९ मिनिटे २४ सेकंदांत कापून ५० मिनिटांची भिंत ओलांडणारा तो पहिला सायकलपटू ठरला. यॉर्कशरच्या बेरिल बर्टन यांची कहाणी तर त्याहून विलक्षण. लहानपणी संधिवातज्वराने गाठल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना श्रमाचे व्यायाम टाळण्यास सांगितले होते. पुढे त्या शेतावर राबत, घर सांभाळत आणि सायकलवर सराव करीत. १९६७ मध्ये ओटली क्लबच्या बारा तासांच्या शर्यतीत त्यांनी २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर अंतर कापले. त्याच दिवशी माइक मॅकनमारा यांनी पुरुषांचा नवा विक्रम नोंदवला होता. बर्टन यांचे अंतर त्याहूनही पाऊण मैलाने अधिक भरले. मॅकनमारांना मागे टाकताना त्यांनी ज्येष्ठमधाची एक गोळी त्यांच्यापुढे केली, ही हकिकत त्या देशातील सायकलपटू आजही सांगतात. महिलांमध्ये त्यांचा हा विक्रम २०१७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे अबाधित राहिला. एवढे होऊनही बर्टन शेवटपर्यंत हौशीच राहिल्या.

वेळेची किंमत

या साऱ्या कौतुकाला एक काळी किनार आहे. इंग्लंडमधील टाइम ट्रायल वाहतुकीसाठी खुल्या असलेल्या रस्त्यांवर होतात. सर्वांत जलद मार्ग बहुधा रुंद, सपाट आणि वर्दळीच्या महामार्गांवर असतात, कारण शेजारून धडधडत जाणारी मोठी वाहने हवा आपल्याबरोबर ओढून नेतात आणि सायकलपटूलाही त्याचा लाभ होतो. म्हणजे जी गोष्ट वेळ कमी करते, तीच जीव धोक्यात घालते. मान खाली घालून रस्त्याऐवजी चाकाकडे पाहत राहण्याची सवय तर अधिकच घातक. या मार्गांवर अपघात झाले आहेत, सायकलपटूंनी प्राणही गमावले आहेत. त्यामुळे जलद पण धोक्याच्या मार्गावरील नोंद खरी मानायची, की गावाकडच्या खडबडीत, चढउताराच्या रस्त्यावरील दोन मिनिटे अधिकची, हा वाद या खेळात सतत सुरू असतो. आपल्याकडे पहाटे महामार्गावर वेग अजमावणाऱ्या हौशी सायकलपटूंनाही हाच प्रश्न लागू पडतो. वाहतूक थांबवलेला किंवा तुरळक वर्दळीचा रस्ता, मागे लाल दिवा, डोक्यावर शिरस्त्राण आणि नजर समोर, एवढे पथ्य पाळले तर स्वतःचा वकूब मोजण्यासाठी महागडी सायकलही लागत नाही.

मग ज्याला पदक मिळण्याची सुतराम शक्यता नाही, असा माणूस दर आठवड्याला या रांगेत का उभा राहतो? कारण तो स्वतःच्याच गेल्या खेपेच्या वेळेशी स्पर्धा करीत असतो. नव्वदावा आलेला सायकलपटूही आपली सर्वोत्तम वेळ तीन सेकंदांनी सुधारून आनंदाने घरी जातो आणि पहिला आलेला कधी कधी खट्टू असतो. शर्यत संपल्यावर सभागृहात चहा आणि केक असतो, फळ्यावर एकेक वेळ लिहिली जाते. तेथे कारणे ऐकून घेणारे पुष्कळ भेटतात. फळ्यावर मात्र फक्त आकडा लिहिला जातो. सबबींच्या जगात आठवड्यातून एकदा असा निखळ आकडा वाट्याला येणे, याचे मोल त्या हौशी सायकलपटूंना पुरेपूर कळलेले असते.